स्पूल आधी, यंत्र नंतर

मंडळाच्या गेल्या बैठकीत मी माझ्या आजोबांच्या टेपवरचं एक लग्नातलं गाणं ऐकवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी तिघाचौघांनी मला गाठलं. मला वाटलं गाण्याबद्दल विचारतील, पण सगळे प्रश्न यंत्राचे. "आमच्याकडेपण माळ्यावर असले स्पूल पडलेत गं, ते कशावर वाजवायचे?" एकीच्या काकांनी तर फोटो बघून एक भलंमोठं यंत्र घ्यायचं पक्कंही केलं होतं. संपादक म्हणाले, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा लिहूनच टाक. म्हणून हा लेख.

आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही, मराठी घेऊन बी.ए. करणारी मुलगी आहे. पण जुना स्पूल टेपरेकॉर्डर शोधताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती निस्तरता निस्तरता जे कळलं, ते इथे देते.

ट्रंकेतले अकरा स्पूल

आमचं घर वासोण्याला. सिल्वासाहून खानवेलला जाताना लागतं ते. पर्यटकांना ते सिंहांच्या सफारीमुळे माहीत असतं. आजोबा तिथल्या भागात प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा, खांद्याला अडकवायचा एक छोटा टेपरेकॉर्डर होता. तो घेऊन ते सुट्टीच्या दिवशी पाड्यापाड्यांवर जायचे. वारली लग्नात धवलेरी लग्न लावते, गाणी म्हणते. ती गाणी, तारप्याचे सूर, घांगळीवरची कथा, असं त्यांनी सात-आठ वर्षं जमवलं. पुढे यंत्र बिघडलं आणि भंगारात गेलं. स्पूल तेवढे ट्रंकेत राहिले. एकूण अकरा. नऊ लहान, पाच इंची. दोन मोठे, सात इंची. मोठ्यांवर रेडिओवरून उतरवून घेतलेलं गीतरामायण.

गीतरामायणाचं आमच्याकडे वेगळं कौतुक आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमांची ती छप्पन्न गीतं प्रसारित झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांना चाली लावणारे सुधीर फडके त्याच्या आठच महिने आधी, २ ऑगस्ट १९५४ ला, पोर्तुगीजांकडून सिल्वासा सोडवणाऱ्या स्वयंसेवकांत होते, हे आमच्या भागाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या लढ्याला पैसे उभे करायला लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. आजोबा तेव्हा शाळकरी पोर. "बाबूजी आधी आमच्याकडे आले, मग रामायण गायले," असं ते म्हणायचे.

तर असे हे अकरा स्पूल आणि वाजवायला काही नाही. आजी म्हणायची, "मास्तर प्रत्येक टेपच्या सुरुवातीला आधी स्वतः बोलायचे. तारीख सांगायचे, पाडा सांगायचा आणि गाणारणीचं नाव. नाव घेतल्याशिवाय कुणाचं गाणं घेऊ नये म्हणायचे."

माझी चूक

गेल्या वर्षी मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला एक सुंदर यंत्र दिसलं. चकचकीत पुढचा भाग, दोन मीटर, लाकडी पेटी. वाजतं की नाही हे बघायला मी पिशवीतून आजोबांचा एक लहान स्पूल काढून दिला. ही ती चूक. दुकानदारांनी टेप ओवली आणि घाईत प्लेबरोबर रेकॉर्डचं बटणही दाबलं गेलं. दहा-पंधरा सेकंदांनी माझ्या लक्षात आलं. बंद करून, मागे नेऊन पुन्हा लावलं, तर सुरुवातीला नुसती शांतता, आणि मग एकदम गाणं मधूनच सुरू. आजोबांचं बोलणं गेलं होतं. म्हणजे त्या बाईचं नावही गेलं.

कॅसेटच्या मागे दोन छोट्या पट्ट्या असायच्या. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. स्पूलला असलं संरक्षण मुळीच नसतं. कुठलाही स्पूल, कुठल्याही रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर, एका बटणाने पुसला जातो. म्हणून पहिला नियम: यंत्र तपासायला घरचा स्पूल कधीही न्यायचा नाही. दुकानदाराकडची रद्दी टेप वापरायची. त्याच्याकडे नसेल तर एखादी फुटकळ टेप विकत घेऊन ती न्यायची.

आधी टेप वाचायची

दुसरा नियम लेखाच्या नावातच आहे. लोक आधी यंत्र बघतात, मग त्यावर आपल्या टेप वाजतात का ते बघतात. करायचं असतं उलटं. टेपची रुंदी घरगुती यंत्रांत सगळीकडे एकच असते, पाव इंच. बाकी मात्र चार गोष्टी बदलतात.

एक, स्पूलचा आकार. तीन, पाच, सात आणि साडेदहा इंच. सात इंची यंत्रावर साडेदहाचा स्पूल बसत नाही. साडेदहाच्या यंत्रावर लहान स्पूल बसतो. घरातला सर्वांत मोठा स्पूल मोजा, तेवढा बसला की पुरे. साडेदहाचं यंत्र रुबाबदार दिसतं म्हणून घेऊ नका. ते जड असतं, आणि त्याचे रिकामे स्पूलही महाग पडतात.

दोन, वेग. घरगुती टेप बहुतेक सेकंदाला ९.५ किंवा १९ सेंटिमीटर या वेगाने भरलेल्या असतात. इंचात सांगायचं तर पावणेचार आणि साडेसात. स्टुडिओत ३८ चालायचा. टेप वाचवायला काही जण ४.७ वरही भरत. वेग जितका जास्त तितका आवाज स्वच्छ, आणि टेप तितकी लवकर संपते. सहाशे फुटांचा पाच इंची स्पूल ९.५ वर एका बाजूला ३२ मिनिटं चालतो, १९ वर १६ मिनिटं. खोक्यावर वेग लिहिलेला असतो का बघा. आजोबांनी प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यात '९.५' लिहून ठेवलं होतं, तो आकडा कसला ते आम्हाला पन्नास वर्षांनी कळलं.

तीन, पदर. इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. टेप म्हणजे रस्ता समजा. काही यंत्रं त्याचे दोन पदर करतात: वरचा अर्धा भाग जाताना, खालचा अर्धा स्पूल उलटा लावल्यावर. याला हाफ ट्रॅक म्हणतात. नंतरच्या घरगुती स्टिरिओ यंत्रांनी त्याच रस्त्याचे चार पदर केले. पहिला आणि तिसरा पदर जाताना, दुसरा आणि चौथा येताना. हा क्वार्टर ट्रॅक. बाहेरगावी नेऊन केलेली जुनी एकसुरी म्हणजे मोनो रेकॉर्डिंगं बरीचशी दुपदरी असतात. साठ-सत्तरच्या दशकांतली घरगुती स्टिरिओ यंत्रं बरीचशी चौपदरी.

दुपदरी टेप चौपदरी यंत्रावर लावली तर डाव्या स्पीकरमधून गाणं सरळ येतं आणि उजव्यातून दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं. उजवा बंद केला की काम भागतं, पण हेड टेपचा अर्धाच पदर वाचत असल्यामुळे खरखर वाढते. चौपदरी टेप दुपदरी यंत्रावर लावली तर मात्र एकाच स्पीकरमधून सरळ आणि उलटं एकमेकांत मिसळून येतं. तिथे इलाज नाही. म्हणजे घरात चौपदरी टेप असतील तर यंत्र चौपदरीच हवं. सगळ्या दुपदरी असतील तर दुपदरी शोधायला त्रास पडला तरी तेच घ्यावं.

चार, टेपची तब्येत. स्पूल नाकाशी धरा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती जुनी ॲसिटेटची टेप आहे आणि खराब व्हायला लागली आहे. ॲसिटेटचा गुंडाळलेला स्पूल उजेडासमोर धरला की बाजूने उजेड झिरपतो. पॉलिएस्टरचा काळाकुट्ट दिसतो. ॲसिटेट ताणली की तुटते, पण स्वच्छ तुटते आणि जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी लांबते आणि लांबलेली परत जागेवर येत नाही. सत्तरच्या दशकापासूनच्या काही टेपचा, विशेषतः पाठीला काळा थर असलेल्या अँपेक्स ४०६ आणि ४५६ सारख्यांचा, चिकटपणा सुटतो. त्या वाजवताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी राड सोडतात. असं झालं की लगेच थांबा. जाणकार लोक अशा टेप मंद उष्णतेवर कित्येक तास ठेवून तात्पुरत्या बऱ्या करतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको. ॲसिटेटच्या टेपवर तर कुठेच नको.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. दोन स्पूलांवर पांढरी बुरशी होती. ते वेगळे ठेवले, नाकाला फडकं बांधून कोरड्या मऊ ब्रशने बाहेरून साफ केले आणि सर्वांत शेवटी वाजवायचे ठरवले, म्हणजे बुरशी बाकीच्यांना लागणार नाही.

आता यंत्र

एवढं कळल्यावर माझी गरज एका ओळीत बसली: सात इंची स्पूल घेणारं, ९.५ आणि १९ वेगाचं, दुपदरी. (गीतरामायणाच्या टेपही मोनो आणि दुपदरीच निघाल्या.) मग बाजारात जे दिसतं त्यातलं निम्म्याहून अधिक आपोआप गळलं. अकाईचं ४०००डीएस बऱ्याच ठिकाणी दिसतं. सात इंची, तीन हेडचं, साधं आणि चांगलं यंत्र आहे, पण ते चौपदरी. स्विस रेव्हॉक्स ए७७ दोन्ही प्रकारांत निघालं, तेव्हा नुसतं नाव ऐकून घेऊ नये, पदर विचारावेत. जर्मन उहेर रिपोर्ट हे बॅटरीवरचं, पाच इंची स्पूल घेणारं यंत्र. रेडिओचे बातमीदार आणि अभ्यासक ते घेऊन हिंडायचे. आजोबांचं बहुधा त्यातलंच असावं.

दुकानात गेल्यावर मी आता या क्रमाने बघते.

सगळ्यात आधी हेड. बाकी जवळजवळ सगळं दुरुस्त होतं, झिजलेलं हेड मात्र मिळवणं कठीण. वीज न लावता झाकण काढून बघा. टेप जिथून घासत जाते तिथे रुंद सपाट पट्टा दिसतो का? नख हळूच वरखाली फिरवा. पट्ट्याच्या कडेला नख अडकलं तर झीज खोल आहे, यंत्र सोडून द्या. काही अकाई यंत्रांची काचेची आणि फेराइटची हेडं फार कमी झिजतात, पण त्यांना टवका गेलेला असू शकतो.

मग रबर. टेप ओढणाऱ्या बारीक फिरत्या दांड्याला कॅपस्टन म्हणतात, आणि तिच्यावर टेप दाबून धरतो तो रबरी रोलर. तो चकाकणारा, कडक किंवा भेगाळलेला असेल तर टेप घसरते आणि सूर हलतो. आतले पट्टे वितळून डांबरासारखे झालेले असतात. हे दोन्ही बदलता येतं, पण भाव करताना त्याचा खर्च धरा.

मग वीज. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगात घालायचं नाही. दुरुस्ती करणाऱ्यांकडे सिरीज बल्बचा बोर्ड असतो, त्यातून लावायला सांगा. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

अमेरिकेतून आलेल्या यंत्राबद्दल एक धोक्याची सूचना. दुकानदार म्हणतात, "ट्रान्सफॉर्मर लावा, चालेल." ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ज्या यंत्राची मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरते ते आपल्याकडे सहातला एक भाग हळू चालतं. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा माणूस काळी पाचपर्यंत खाली उतरतो. काही यंत्रांत हे बदलायची सोय असते. ए७७ सारख्यांत वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने धरलेला असल्याने हा प्रश्न येत नाही. विचारून घ्या.

मग वेग मोजा. यासाठी मी रद्दी टेपवर २ मीटर ८५ सेंटिमीटर अंतरावर पांढऱ्या पेन्सिलीने दोन खुणा केल्या होत्या. ९.५ च्या वेगाने पहिल्या खुणेपासून दुसरी येईपर्यंत बरोबर ३० सेकंद लागायला हवेत. मोबाइलच्या घड्याळावर कळतं.

मग ब्रेक. टेप भरधाव पुढे न्या, मधेच थांबवा. मागे न्या, थांबवा. थांबताना टेप सैल होऊन तिचा फास पडला किंवा हिसका बसला, तर ते यंत्र तुमची जुनी टेप एक दिवस तोडणार. मला विचाराल तर आवाजापेक्षा ही परीक्षा महत्त्वाची. आवाज थोडा खराब आला तर पुन्हा ऐकता येईल, ताणलेली टेप पुन्हा मिळणार नाही.

सगळ्यात शेवटी आवाज. दोन्ही बाजू येतात का ते बघा. बटणं फिरवताना खरखरलं तर घाबरू नका, ते साफ करून जातं. सतत घुमणारा हम्म मात्र खर्चिक असू शकतो.

पैशांचं म्हणाल तर जेवढे यंत्राला द्याल तेवढेच दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. "नुकतंच सर्व्हिस केलंय" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. काय बदललं ते विचारा. आणि यंत्र घेण्याआधी दुरुस्त करणारा माणूस शोधा. जुना रेडिओ-टेपवाला कारागीर अजून प्रत्येक मोठ्या गावात एखादा तरी असतो. मला वापीत भेटला.

हेही प्रामाणिकपणे सांगते: घरात दोन-तीनच स्पूल असतील आणि फक्त आवाज मोबाइलमध्ये हवा असेल, तर यंत्र घेऊच नका. चांगलं काम करणाऱ्याकडून उतरवून घ्या. यंत्र घ्यावं ते स्पूल बरेच असतील किंवा घरातल्यांना बसून ऐकायची हौस असेल तर.

पहिल्यांदा वाजवताना

वापीच्या कारागिरांच्या ओळखीने चार महिन्यांनी एक दुपदरी ए७७ मिळालं. रंग उडालेला, एक बटण वेगळ्याच यंत्राचं, पण हेड उत्तम. त्यांनी रोलर बदलला, आतले जुने कपॅसिटर बदलले आणि मला दोन कामं शिकवली. प्रत्येक स्पूलआधी हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसायचं. आणि रेकॉर्डची बटणं बंद आहेत ना, हे प्ले दाबण्याआधी दर वेळी हात लावून बघायचं. मी त्यांच्यावर चिकटपट्टीच मारून टाकली आहे.

पन्नास वर्षं गुंडाळलेली टेप पहिल्याच वेळी कदाचित शेवटचीही वाजत असेल असं धरून चालायचं. म्हणून पहिल्याच वाजवण्यात लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. संपल्यावर भरधाव मागे न्यायची नाही. शेवट बाहेर ठेवून तशीच खोक्यात ठेवायची. गुंडाळी एकसारखी राहते, आणि शेजारच्या वेढ्यातून उमटलेला आवाजाचा ठसा सुराच्या आधी न येता मागून येतो, त्यामुळे कानाला कमी जाणवतो.

बाकीचे स्पूल झाल्यावर मी तो पुसलेला स्पूल लावला. आशा काही नव्हती, गाणं तरी मिळेल म्हणून. आणि सुरुवातीच्याच शांततेतून आजोबांचा आवाज आला. दबका, खोल गेल्यासारखा, मागे खरखर, पण शब्द न् शब्द कळत होता.

असं कसं झालं ते कारागिरांनी समजावलं. दुकानातलं यंत्र चौपदरी होतं. त्याने वरच्या भागातला फक्त पहिला पदर पुसला. आजोबांच्या दुपदरी यंत्राने त्यांचा आवाज टेपच्या वरच्या सबंध अर्ध्या भागावर लिहिला होता, म्हणजे चौपदरी हिशोबात पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही पदरांवर. दुसरा पदर शाबूत होता. पण चौपदरी यंत्राचं हेड पुढे जाताना त्या पदरावर नजरच टाकत नाही, म्हणून दुकानात मला शांतता ऐकू आली. दुपदरी हेडने सबंध अर्धा भाग वाचला, आणि उरलेला आवाज सापडला. दुकानातलं यंत्र दुपदरी असतं तर काहीही उरलं नसतं. आणि मी नंतर हट्टाने दुपदरी घेतलं नसतं, तर उरलेलं मला कधी कळलं नसतं.

आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "हे मास्तरच बोलतायत," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. आजोबांनी तारीख सांगितली, पाडा सांगितला, आणि मग नाव. मग गाणं.

ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही. नावावरून आजीने घर ओळखलं आहे, आमच्यापासून लांब नाही. दिवाळीच्या सुट्टीत गाण्याची प्रत घेऊन तिथे जाणार आहोत. त्यांची हरकत नसेल तर बाकीच्या प्रतींचं काय करायचं ते ठरवू. गुरुग्रामला अशा रेकॉर्डिंगांचं, १९८२ मध्ये सुरू झालेलं एक मोठं संग्रहालय आहे, तिथे पत्र लिहायचा विचार आहे.

तुमच्या माळ्यावर स्पूल असतील तर या रविवारी नुसते खाली काढा. यंत्राचे फोटो बघू नका. आकार मोजा, वास घ्या, खोक्यावर काय लिहिलंय ते वहीत उतरवा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की हे कुणी, कशावर भरलं. वही घेऊन मंडळात या, मग यंत्राचं बघू.